दानात आलेले दोन अँटिव्हायरस

आमच्या विहारात प्रत्येक वस्तूवर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात, घड्याळाच्या काचेवर, पाण्याच्या पिंपावर कोरून. ‘कालकथित अमुक यांच्या स्मरणार्थ’ आणि खाली देणाऱ्याचं नाव. रविवारी वंदना झाली की आमचे अध्यक्ष बाबुराव आजोबा कुणी काय दिलं ते वाचून दाखवतात आणि सगळे ‘साधु, साधु, साधु’ म्हणतात. पण अँटिव्हायरसचंही दान होतं, हे मला या जानेवारीपर्यंत माहीत नव्हतं.

विहाराच्या मागच्या खोलीत आमची अभ्यासिका आहे आणि तिथे एकुलता एक कॉम्प्युटर. जानेवारीत कुणीतरी भीमगीतांचा पेनड्राइव्ह त्याला लावला, त्यातून व्हायरस शिरला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले. ते कसंबसं निस्तरलं. लगेच पुढच्या रविवारी महेंद्रकाकांनी वडिलांच्या स्मरणार्थ एक अँटिव्हायरस दिला, डबीसकट. साधु, साधु, साधु. मग मोबाईल रिपेअरिंगचं दुकान असलेले साईनाथकाका कसे गप्प बसतील? या दोघांचं जुनं आहे, एकाने सतरंजी दिली की दुसरा गालिचा देतो. त्यांनी दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस दिला. पुन्हा साधु. पहिला काही कुणी काढला नाही.

आणि त्यात अडकली प्रियांकाताई.

ताई आमच्याच चाळीतली. दिवसभर डोंबिवलीत साड्यांच्या दुकानात उभी असते. टायपिंग क्लासची वेळ आणि दुकानाची वेळ एकच, त्यामुळे ती संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन मराठी टायपिंगची प्रॅक्टिस करते. तिची सरकारी परीक्षा आलेली. ते सर्टिफिकेट असलं तरच क्लार्कच्या जागांना अर्ज करता येतो, आणि मागच्या वेळी ती अगदी थोडक्यात राहिलेली.

एका संध्याकाळी मी शेजारी बसून विज्ञानाच्या आकृत्या काढत होते, तर तिचे टकटक आवाज थांबले.

“काय झालं गं ताई?”

“काही नाही. मी टाइप केलं, आता हा उमटवतो की नाही बघतेय.”

मी वाकून बघितलं. स्क्रीन कोरी. मग एकदम अख्खी ओळ धावत आली, त्यात तीन चुका.

“या चुका माझ्या की त्याच्या, तेच कळत नाही,” ती म्हणाली. “बोट चुकलं तर तिथल्या तिथे दिसायला हवं ना. असंच राहिलं तर याही वेळी गेलं समज.”

एप्रिलच्या आधीची मी असते तर ‘हो ना’ म्हणून आकृतीत डोकं घातलं असतं. पण चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला निवेदन करणारी मुलगी आयत्या वेळी आली नाही, माइक माझ्या हातात आला, आणि तेव्हापासून माझं काहीतरी सुटलंय. आई म्हणते, तोंड सुटलंय. असेल.

मी खुर्ची ओढली. दोन्ही अँटिव्हायरस एकाच वेळी अपडेट डाउनलोड करत होते. आता आमचं नेट म्हणजे काय ते सांगते. फायबरची वायर समोरच्या फ्लॅटवाल्या टॉवरपर्यंत येते आणि तिथेच संपते, आणि त्याच टॉवरने मोबाईलची रेंजही अडवलीये. म्हणून बाबुराव आजोबा आपला फोन पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगतात आणि हॉटस्पॉट लावतात. त्यावर साधा फोटोसुद्धा धापा टाकत येतो. दोघांचं अपडेट अर्ध्यावर जायचं, नेट तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. हॉटस्पॉट बंद केला तर दोघेही टायपिंगच्या मधोमध ‘तुम्ही सुरक्षित नाही’ अशा लाल पाट्या लावायला लागले. शिवाय हा त्याला तपासतोय, तो ह्याला. एका गेटवर दोन वॉचमन, आणि दोघे एकमेकांचीच झडती घेतायत.

मी आजोबांकडे गेले. “आजोबा, एक काढावा लागेल.”

“कुणाचा?”

“कुणाचाही.”

“कुणाचाही नावाचा माणूस आपल्या विहारात नाही, दीप्ती.” आजोबांनी चष्मा पुसला. “महेंद्रचा काढला तर त्याच्या वडिलांचा अपमान. साईनाथचा काढला तर तो वर्षभर वंदनेला मागच्या रांगेत बसेल. दान दिलेली वस्तू काढत नाहीत बाळा.”

“मग दोन्ही काढू.”

“आणि पेनड्राइव्ह तर सगळे लावणारच. जानेवारी विसरलीस?”

हे मात्र खरं होतं. लग्नपत्रिका, गाणी, झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या फायली, सगळं त्या कॉम्प्युटरच्या पोटात जातं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी ठाण्याला वर्तकनगरला गेले, मावशीकडे. मावशीचा राजरत्नदादा इंजिनीअरिंगला आहे आणि त्याच्याकडे फायबर आहे, म्हणजे त्याच्या मते त्याच्याकडे सगळं आहे.

“टॉप टेन बघ,” तो लॅपटॉप माझ्याकडे वळवत म्हणाला. “हा एक नंबर. एकदम हलका, सगळं काम क्लाउडवर करतो. डोळे मिटून टाक.”

“दादा, तुझं वायफाय बंद कर ना जरा.”

“का?”

“कर तर. आता तू वर्तकनगरला नाहीस, आमच्या चाळीत आहेस.”

त्याने केलं. एक नंबरवाल्याने लगेच सांगितलं, इंटरनेटला जोडा.

“दोन नंबरवाला बघू,” दादा म्हणाला. आता त्यालाही चेव चढलेला. आम्ही एकेक करून बघितले. कोण भारी हा प्रश्नच आमचा नव्हता. नेट नसताना कोण काय करतो, अपडेट केवढं असतं आणि ते दुसरीकडून आणता येतं का, एवढंच मी विचारत होते. मावशी पोहे घेऊन आली आणि म्हणाली, नवरामुलगा बघताना एवढी चौकशी करा.

शेवटी दादाने डोक्यावर हात मारला. “अगं, विंडोजबरोबर येतो तो आहेच की. त्याच्या अपडेटची फाइल वेगळी डाउनलोड होते. पेनड्राइव्हवर न्यायची, डबल क्लिक करायची, विषय संपला. बाकीचे काढले की तो आपोआप जागा होतो.”

“म्हणजे तो आमच्याकडे आधीपासून आहे?”

“आहे. बाकीच्यांनी त्याला झोपवलंय.”

दादाने वायफाय पुन्हा चालू केलं आणि फाइल माझ्या पेनड्राइव्हवर बघता बघता उतरली. मला जरा रागच आला.

रविवारी वंदना झाली, आजोबांनी दानाची नावं वाचली, आणि मी उभी राहिले. आवाज नीट निघाला. कॉम्प्युटरचं काय होतंय ते मी सांगितलं.

“म्हणजे साईनाथचा काढायचा,” महेंद्रकाका म्हणाले. “सरळ आहे. माझा आधीचा आहे.”

“आधीचा म्हणजे जुना,” साईनाथकाका म्हणाले. “माझा नवीन व्हर्जन आहे.”

“फुकटात मिळालेला.”

“मोबाईल रिपेअरिंगवाल्याला फुकट देतात होय रे कुणी?”

“काका, दोन्ही काढायचेत,” मी म्हणाले. “कॉम्प्युटरबरोबर आलेला आहे तो चालू करायचा. त्याचं दान कुणीच दिलेलं नाही.”

महेंद्रकाकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं, आता मी कायमची मागच्या रांगेत.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने प्रियांकाताई उठली. ती चारचौघांत कधीच बोलत नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “काका, गुरुवारी माझी टायपिंगची परीक्षा आहे. दुसरा कॉम्प्युटर नाही माझ्याकडे.”

“कसली परीक्षा?” साईनाथकाकांनी विचारलं. “आम्हाला कुणी बोललं नाही.”

“मागच्या वेळी राहिली ना, म्हणून सांगत नव्हते कुणाला.”

साईनाथकाका गुडघ्यावर हात देऊन उठले. “मी टाकलाय, मीच काढतो. चल गं दीप्ती, कुठे दाबायचं ते दाखव.”

“थांब,” महेंद्रकाका म्हणाले. “माझा आधी टाकलाय, तर आधी माझा निघेल.”

अख्खा विहार हसला. आम्ही सगळे मागच्या खोलीत घुसलो. काकांनी आपापला अँटिव्हायरस आपल्या हाताने काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि झोपलेला खरंच जागा झाला. मी पेनड्राइव्ह लावला. नेट नसताना अपडेट झालं.

“पण हे दर आठवड्याला आणावं लागेल,” मी म्हणाले. “चांगलं नेट असेल तिथून. दोन माणसं हवीत.”

“माझ्या ऑफिसात आहे नेट, ठाण्याला,” महेंद्रकाका पटकन म्हणाले. “शनिवारी आणीन.”

“एका शनिवारी तू, एका शनिवारी मी,” साईनाथकाका म्हणाले. “माझ्या दुकानात फायबर आहे. तुझ्या ऑफिसपेक्षा फास्ट.”

“फास्ट म्हणे.”

आजोबांनी दोघांना दंडाला धरून बाहेर नेलं, कारण प्रियांकाताई खुर्चीवर बसली होती आणि तिला एवढ्या लोकांसमोर टाइप करता येईना. मी मात्र थांबले. तिने उतारा लावला, बोटं मोडली आणि सुरुवात केली. बोट पडत होतं आणि अक्षर उमटत होतं, जिथल्या तिथे. दुसऱ्या ओळीत तिने ‘ष’च्या जागी ‘श’ मारला, लगेच तिला दिसला आणि ती खुदकन हसली.

“बघितलंस? ही माझीच चूक आहे.”

“मग खूश काय होतेस?”

“अगं, माझी आहे म्हणजे सुधारता येईल,” ती म्हणाली आणि तोच उतारा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. बाहेर आजोबा दोघा काकांना चहा पाजत होते. मी दार लोटून घेतलं, तिला आवाज नको म्हणून.