निकामी भोक

शर्यतीआधी गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, की सगळ्या संघांचे इंजिनिअर एकमेकांच्या गाड्यांभोवती घुटमळतात. चोरून बघायची ही राजरोस वेळ. ग्रेटा पेनिंग्टननं मार्लो संघाच्या गाडीचं पुढचं चाक पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. चाक धरणाऱ्या दांड्याला तिच्याच आराखड्यातलं भोक होतं! गेल्या वर्षी तिनंच ते एका वायरीसाठी आखलं होतं. पुढं वायर गेली, भोक राहिलं, आणि चाचणीत दांडा तिथंच तडकला म्हणून तो आराखडा बाद झाला. हिवाळ्यात त्यांच्या संघातून मार्लोकडे पळालेल्या माणसानं नेमका तोच उचलला होता.

"मेल्यांनी भोकसुद्धा सोडलं नाही!" ती आपल्या संघाच्या मालकाला, लायोनेलला म्हणाली. "पण तो तुटेल. सांगायला हवं."

"आत्ता सांगितलंस तर दांडा बदलून आपल्यालाच खोटं पाडतील. शर्यत होऊ दे. तोवर तोंडाला कुलूप."

मार्लोचा ड्रायव्हर टोबी हेल्मेट चढवताना ओरडला, "काय ग्रेटाबाई, आमच्या गाडीला नजर लावताय होय?"

ती कसंनुसं हसली आणि मागे फिरली.

अर्ध्या शर्यतीत चाक निखळलं. टोबी भिंतीवर आदळून जागीच गेला.

चौकशीत तुटका दांडा टेबलावर ठेवला होता. भोक आमचंच, असं ग्रेटानं शपथेवर सांगितलं. चोरी सिद्ध झाली. लायोनेलचा चेहरा खुलला.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून टोबीची आई उठली.

"बाई, मला एवढंच सांगा. आमच्या गाडीला हे भोक तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?"