डावीकडची आणि उजवीकडची

चेन्नईत बाईचं डोकं भादरलेलं दिसलं तर कोणी दचकत नाही. पुण्यात असते तर सोसायटीच्या फाटकापासून लिफ्टपर्यंत चारजणींनी हळहळून घेतलं असतं. इथे बसमधली शेजारीण कौतुकाने डोक्याकडे बघते आणि विचारते, “तिरुपती?” आपण नुसती मान हलवायची. ती सरकून बसायला जागाही देते. केमोने माझे केस गेले तेव्हा माझ्या नवऱ्याने, गंधारने, एक चांगला महागातला विग आणून दिला होता. तो खोक्यातच राहिला. व्यंकटेशाने माझी बाजू परस्पर सांभाळली होती.

आम्ही पश्चिम मांबलममधल्या घरात राहायला आलो तेव्हा ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं आटपलं होतं आणि डोक्यावर अर्धं बोट केस उगवले होते. खाली घरमालकीण अन्नपूर्णाबाई, वर आम्ही दोघं. अन्नपूर्णाबाई तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज भोसले राजांच्या काळात तिकडे गेले ते परत फिरलेच नाहीत. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून तमिळ स्वयंपाकघरात काम करायला गेल्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं डोकं निरखून विचारलं, “नवस होता कां मा?”

“हो मामी.” मला आजाराची कथा नव्या घरात नव्याने सांगायची नव्हती. तेच ते सांगून माझं तोंड दुखलं होतं.

“पुरा जाहला?”

“बघू,” मी म्हटलं आणि जिना चढले. त्या एका ‘बघू’ने पुढे काय काय उभं केलं ते कळायला मला बराच वेळ लागला.

माझा स्वभाव तसा चौकस, गंधारच्या भाषेत ‘डोकं पिकवणारा’. गिंडीत गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघते. आमच्याकडे एखादा भाग बिघडलेला निघाला की फळ्यापाशी उभं राहून ‘का?’ विचारायचं. उत्तर मिळालं की त्यालाही ‘का?’ विचारायचं. असं मुळाशी जाईपर्यंत. कामगार मला पाठीमागे ‘एन् मॅडम’ म्हणतात. एन् म्हणजे का. मला ते नाव आवडतं.

तर ओटीपोटात डावीकडे दुखायला लागलं आणि माझ्या कॅन्सरच्या डॉक्टर श्रीरंजनींनी मला स्कॅनला पाठवलं. स्कॅन सेंटरच्या बाकांवर माझ्याशिवाय सगळ्या गरोदर बाया. सगळ्यांनी पोटभर पाणी पिऊन ठेवलेलं, सगळ्या पाय आवळून बसलेल्या. त्या बाबतीत आम्ही अगदी सख्ख्या बहिणी. आत गेल्यावर मशीनवरची बाई आधी बडबडत होती, मग गप्प झाली. कारखान्यात तपासणारा माणूस असा गप्प झाला की मी ओळखते, काहीतरी सापडलं. आता तिथेही पोचला का हा मेला कॅन्सर?

“दोन्ही अंडाशयांवर सिस्ट आहेत,” डॉक्टर श्रीरंजनी रिपोर्ट बघून म्हणाल्या. “पाण्याने भरलेल्या पिशव्या. बहुतेक त्या गोळीमुळे.”

ती गोळी मी रोज घेत होते आणि पाच वर्षं घ्यायची होती. छातीतला कॅन्सर परत येऊ नये म्हणून.

“पण ती गोळी तर हॉर्मोनला अडवते ना?”

“छातीत अडवते. वर काहीतरी अडलंय असं मेंदूला वाटतं, मग तो खाली अंडाशयांना आणखी काम करायला लावतो. ते बिचारे जोर लावतात आणि सिस्ट होतात. तुमच्या वयाच्या बायकांत हे होतं.”

गंधार शेजारी बसून रुमालाची घडी घालत होता, मोडत होता. मी मात्र पुढे सरकून बसले. एकच गोळी, वर लगाम आणि खाली चाबूक! भीती होतीच, पण तिच्या डोक्यावर कुतूहल चढून बसलं.

“पण केमोने अंडाशय संपले असं म्हणाला होतात. पाळीही आली नाही तेव्हापासून.”

“संपले असतील असं म्हणाले होते.”

“मग हे जोर कोण लावतंय?”

“म्हणजे संपले नाहीत. जिवंत आहेत. जरा जास्तच.” त्यांनी सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगितलं. सिस्ट विरल्या तर उत्तम, नाही विरल्या तर पुढचं बघायचं.

सांगून टाकते. मला मूल हवं होतं. आम्हाला ते झालं नव्हतं, आणि आता होऊ दे म्हणेपर्यंत गाठ सापडली. केमोच्या वेळी मी त्या इच्छेचं तेरावं घालून मोकळी झाले होते. आणि आता ही बाई सांगत होती की जिला आपण पोचवून आलो ती आत जागी आहे, राबते आहे. घरी येताना रिक्षात मी हसत होते. गंधारला वाटलं मला धक्का बसलाय.

“काढून टाकायला सांगू या, इरा,” तो म्हणाला. “वाट कशाला बघायची? मला तू हवी आहेस. बाकी काही नको.” तो श्रीपेरुंबुदूरच्या मोटारींच्या कारखान्यात आहे. तिथे शंका आली तर सरळ भाग बदलतात.

“माझे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत,” मी म्हटलं. तो हसला नाही.

त्याच आठवड्यात मामींचं काहीतरी बिनसलं. पाण्याचा टँकर आला आणि मी प्लास्टिकचा घडा घेऊन खाली गेले, तर मामींनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि समोरच्या घरातल्या व्यंकटला हाक मारून त्याच्याकडून भरून वर पाठवला. मग वाटीतून आंबट भाजी यायला लागली, कैरीचं लोणचं यायला लागलं. “काय खावंसं वाटतें तें सांग मा. लाजूं नको.” जिन्यावरून उतरताना “सावकाश, सावकाश!” मला वाटलं, घरमालकीण म्हणून भाडं वाढवायच्या आधीची ही मशागत असणार.

मग एक दिवस मी अंगणात उभी राहून पपईची फोड खात होते. मामी तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी वर बघितलं, तांब्या टाकला आणि धावत येऊन माझ्या हातातली फोड ओढून थेट गटारात भिरकावली.

“ऐयो! पपई खातीस? कोणी सांगटलं नाही कां तुज? ह्या दिवसांत पपई?”

त्या आत गेल्या आणि मी चिकट हात घेऊन उभी राहिले. सवयीप्रमाणे डोकं फळ्यासारखं चालू झालं. पपई का नाही? कारण ती उष्ण. उष्ण का चालत नाही? कारण ‘ह्या दिवसांत’. कोणत्या दिवसांत? घडा उचलायचा नाही, जिना सावकाश, आंबट हवं का. पण त्यांना हे का वाटलं? त्यांची भाची कृष्णवेणी स्कॅन सेंटरच्या रस्त्यावरच्या शाळेत शिकवते. तिने मला त्या बाकावर बघितलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झालेली बिनमुलाची बाई तिरुपतीला केस देऊन येते, नवसाचं विचारलं तर ‘बघू’ म्हणते आणि थोड्या दिवसांनी गरोदर बायांच्या रांगेत पोटभर पाणी पिऊन बसलेली दिसते. मामींच्या हिशेबात कुठेही चूक नव्हती. पहिली ओळ तेवढी खोटी होती, आणि ती मी दिली होती.

तिसरा महिना उलटेपर्यंत विचारायचं नाही, म्हणून त्या तोंडाने बोलत नव्हत्या. हाताने मात्र सगळं बोलत होत्या.

“आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांग,” गंधार म्हणाला. “हा खेळ आहे का?”

“दुसऱ्या स्कॅननंतर सांगते.”

“का?” आमच्या घरात हा प्रश्न त्याने विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मी कपडे वाळत घालायला निघून गेले. काय सांगणार? मला ते आवडत होतं. मामींनी वाटी पुढे केली की मी ती दोन्ही हातांनी घ्यायचे. बाजारात पपईच्या गाडीपुढून जाताना मी तोंड फिरवायचे. आत कोणी नाही हे मला मामींच्या देवाइतकंच पक्कं ठाऊक होतं, तरीसुद्धा फिरवायचे. एकदा मामी वाटी पुढे करत म्हणाल्या, “तुझें डोहाळे मी पुरवीन हो.” डोहाळे! तीनशे वर्षं तमिळ मुलखात राहूनही तो शब्द त्यांनी जसाच्या तसा जपला होता. मला हुंदका आला, तो मी खोकल्यावर ढकलला.

दुसऱ्या स्कॅनमध्ये उजवीकडची सिस्ट विरून गेली होती. डावीकडची मात्र वाढली होती आणि तिच्यात आता आडवे पडदे दिसत होते.

“पडदे म्हणजे कॅन्सरच असं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “दुसरी कोणी असती तर आणखी वाट बघा म्हटलं असतं. तुम्हाला म्हणणार नाही. आणि अंडाशय काढायचे तर दोन्ही. तुमचा कॅन्सर हॉर्मोनवर पोसणारा आहे. अंडाशय गेले की त्याची रसदच तुटते.”

“उजवीकडचा चांगला आहे ना?”

“आहे.”

“तरीही?”

“तरीही.”

मी आणखी बरंच विचारलं. थांबलं तर काय, एकच काढला तर काय, गोळी बदलली तर काय, इंजेक्शनं देऊन अंडाशय झोपवले तर काय. त्या न कंटाळता सांगत गेल्या आणि प्रत्येक उत्तर फिरून तिथेच येत होतं. शेवटी माझे प्रश्न संपले. असं माझं कधी झालं नव्हतं. मी गंधारकडे बघून होकाराची मान हलवली. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

घरी आल्यावर मी आधी मामींकडे गेले. त्या मोगरा ओवत होत्या. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. केस कशाने गेले, छातीत काय नाही, पोटात काय आहे आणि काय नाही. त्यांच्या हातातला गजरा तसाच राहिला.

“तिरुपतीस गेलीच नव्हतीस?”

“नाही.”

“देवाच्या नावानें खोटं बोललीस.” त्या खऱ्याच रागावल्या होत्या. “आणि मज बोलूं दिलंस. मी वेडी, काय काय बोलत राहिलें तुजपुढें!”

“मला ऐकायचं होतं, मामी.”

त्या उठून देवघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी थोडा वेळ बसले, मग वर आले. ऑपरेशनला निघाले त्या सकाळी मात्र त्या फाटकाशी उभ्या होत्या. माझ्या कपाळाला अंगारा लावला, पदराने माझा चेहरा पुसला आणि म्हणाल्या, “सरी, बरें. जाऊन ये.”

ऑपरेशन नीट झालं. टाके काढायच्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला. डॉक्टर श्रीरंजनी हसत म्हणाल्या, “कॅन्सर नव्हता. डावीकडेही नव्हता. साधी पाण्याची सिस्ट.” गंधारने तिथेच डोळे पुसले आणि पुण्याला फोन लावला. माझ्या सासूबाई फोनवर इतक्या मोठ्याने देवाचं नाव घेत होत्या की ते मला खुर्चीत बसून ऐकू आलं. मी सुटले होते. अगदी खरं सांगते, मला जगायचं होतं, आणि तो निर्णय आज घ्यायचा झाला तरी मी तोच घेईन.

मामी पायरीवरच वाट बघत होत्या. गंधार रिक्षातून उतरता उतरताच ओरडला, “मामी, काही नव्हतं! काहीसुद्धा निघालं नाही!”

“काहींच नव्हतं?”

“नाही हो! दोन्ही एकदम निर्दोष निघाले. पेढे वाटतो बघा आता.”

मामींनी माझ्याकडे बघितलं. आनंदाने त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यावर काहीतरी सरकत आलं. त्या पायरी उतरून माझ्याजवळ आल्या. जखमेला धक्का लागू नये अशा बेताने त्यांनी हाताचा तळवा माझ्या पोटावर टेकवला.

“मग त्यांचा काय अपराध होता मा?”

इतक्या दिवसांत मी हजार प्रश्न विचारले होते, पण हा विचारायची माझी छाती झाली नव्हती. भर गल्लीत, रिक्षावाला पैशासाठी थांबलेला असताना, मी मामींच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या दोघांसाठी मोठ्याने रडले.