आंबेखारची कावीळ

बहीण मनस्वी जाऊन बारा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी तेरावं होतं, घरात पाहुणे जमायला लागले होते. तरी निकेश घरत बर्फाच्या खोक्यात पाण्याच्या अकरा बाटल्या घालून पनवेलला आशालताबाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, यात कुठलं रसायन आहे ते शोधून द्या," तो म्हणाला. "कंपनीला कोर्टात खेचतो."

आशालता ठोसरांनी पनवेलच्या कॉलेजात एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर तालुक्यातल्या विहिरी, तळी आणि नाले तपासायचे, आणि त्यावर लिहायचं, हेच त्यांचं काम होऊन बसलं होतं. तळोज्याच्या नाल्यांवर त्यांनी लिहिलेले लेख मोर्चांत वाचून दाखवले जात. निकेश त्यांचा विद्यार्थी. बी.एस्सी. झाला आणि पुढे रेती-खडीच्या धंद्यात पडला. पण गावात काही झालं की त्याला पहिल्यांदा बाईच आठवत.

आंबेखार हे त्याचं गाव कारखान्यांच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. त्या हिवाळ्यात गावात कावीळ आली. महिन्याभरात एकवीस माणसं पिवळी पडली. वीस बरी झाली. मनस्वी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. तिचे डोळे पिवळे झाले, मग ती माणसं ओळखेनाशी झाली, आणि चौथ्या दिवशी पोटातल्या बाळासकट गेली. नाल्याकाठच्या रसायन कंपनीचा वास गावात रोज यायचा. कोणी दोष दिला असं नव्हतं, तो आधीच ठरलेला होता. स्मशानातून परत येतानाच ‘आंबेखार बचाव समिती’ स्थापन झाली आणि निकेश तिचा अध्यक्ष झाला.

बाईंनी बाटल्या ठेवून घेतल्या. आठवड्यानं त्या स्वतः गावात आल्या. हातात वही आणि कागदावर काढलेला गावचा नकाशा. घरोघर जाऊन त्यांनी विचारलं, कोण कधी आजारी पडलं, पाणी कुठून भरता, उकळता का. आजारी घरावर लाल ठिपका, बाकीच्यांवर निळा. दुपारी त्या पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेकडेनं चालत निघाल्या. चालता चालता घरतांच्या चाळीमागे येऊन थांबल्या.

ही चाळ निकेशच्या वडिलांनी, रामूशेठनी, जागा भाड्यानं द्यायला बांधली होती. अठरा खोल्या, मागे एकच संडासाची टाकी. टाकीभोवतीची जमीन काळी, ओलसर होती. पाइप तिथूनच जात होता.

"निकेश, बस जरा," बाई म्हणाल्या. तो बसला नाही. त्या सांगत गेल्या. "पाण्यात कंपनीचं काही सापडलं नाही. मैला सापडला. रुग्णालयानं ज्यांचं रक्त तपासलं, त्यांच्यात हिपॅटायटिस ई आहे. तो मैल्यातून पिण्याच्या पाण्यात येतो. बाकीच्यांना महिन्यात बरं वाटतं. गर्भारणीच्या मात्र तो जिवावर उठतो."

"रसायनानं लिव्हर जात नाही?"

"जातं. पण मग विहिरीवर पाणी भरणाऱ्यांचंही गेलं असतं. ते नाल्याच्या जास्त जवळ आहेत. हा नकाशा बघ. एकवीसच्या एकवीस आजाऱ्यांची घरं या एका लाइनीवर आहेत, आणि सगळी या जागेच्या पुढची."

निकेशनं नकाशा पाहिला. टाकीकडे मात्र पाहिलं नाही.

"म्हणजे आमच्या घाणीनं माझी बहीण मेली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

बाईंनी नकाशाची घडी घातली. मग म्हणाल्या, "हो रे. मला तसंच दिसतंय. लाइन आधी बंद कर. पाइप बदलून घे."

"तुम्ही आता गेलात तर बरं होईल, बाई," तो म्हणाला.

बाईंनी पंचायतीला दोन पत्रं दिली. पंचायतीनं नळाच्या टाकीत औषध टाकलं, साथ ओसरली, पाइप तिथेच राहिला. समितीचे मोर्चे चालू झाले. निकेशच्या गळ्यात मनस्वीचा फोटो असायचा, आणि तो भाषणात रडायचा ते खरं रडणं असायचं. नकाशाबद्दल त्यानं कोणालाच सांगितलं नाही.

पुढच्या दिवाळीआधी बाईंचं पुस्तक आलं. तालुक्याच्या पाण्यावरचं, त्यात नाल्यांच्या विषावर नव्वद पानं आणि आंबेखारच्या काविळीवर सोळा. घरतांचं नाव कुठे नव्हतं. ‘एका चाळीची टाकी’ एवढंच लिहिलं होतं. कंपनीनं ती नव्वद पानं सोडली आणि सोळातली तीन वाक्यं उचलली. बाईंच्या फोटोसकट त्या वाक्यांचा भलामोठा फ्लेक्स महामार्गालगत लागला: ‘आंबेखारच्या आजाराशी कारखान्याचा संबंध नाही.’

बाईंनी कंपनीला नोटीस धाडली, वर्तमानपत्राला खुलासा पाठवला. खुलासा चार ओळींत छापून आला. फ्लेक्स तीन आठवडे राहिला.

गाव पेटलं. समितीचा सचिव प्रितम हा पंचविशीतला पोरगा, निकेशचा चुलतभाऊ. त्यानं मोबाइलवर बाईंच्या घराचा पत्ताच टाकला. ज्यांनी बाईंचे लेख मोर्चांत वाचले होते ते पर्यावरणवाले म्हणू लागले, खरं असलं तरी आत्ता लिहायची काय गरज होती? एका वाहिनीचा माणूस गावात आला. माइक निकेशच्या तोंडासमोर धरला.

"तुमच्याच शिक्षिका ना त्या? काय म्हणाल?"

निकेशला आठवलं, पहिल्या वर्षी तो प्रॅक्टिकलमध्ये आकडे जुळवून लिहायचा आणि बाई त्याची वही परत करायच्या. एकदाही ओरडल्या नव्हत्या. नुसतं म्हणायच्या, जे दिसलं ते लिही.

"त्या विकल्या गेल्यात," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात पुस्तकावर चर्चा होती. चाळीस-पन्नास माणसं. समितीची पोरं मागच्या रांगेत येऊन बसली, निकेश दाराशी उभा राहिला. बाई बोलायला उठल्या आणि प्रितम धावत मंचावर गेला. काय होतंय ते कळायच्या आत त्यानं शाईची बाटली बाईंच्या तोंडावर रिकामी केली. घोषणा सुरू झाल्या. खुर्च्या पडल्या.

बाईंनी चष्मा काढला. शाई हनुवटीवरून पांढऱ्या साडीवर ओघळत होती. त्यांनी पदरानं आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, तो परत लावला आणि टेबलावरचे कागद चाचपले. कागदही भिजले होते. त्यांची नजर सभागृहावरून फिरली आणि दारात निकेशवर येऊन थांबली. त्या नजरेत राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

पोलिसांनी विचारलं, कोणी टाकली? बाई म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा तर शाई पडली तेव्हा डोळ्यांवरच होता. हे निकेशनं ऐकलं आणि तो खाली उतरून गाडीत बसून राहिला.

घरी आई, हौसा, टीव्हीसमोर बसली होती. बातम्यांत तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. तिनं टीव्ही बंद केला.

"ती बाई खोटं बोलली का रं?"

"आये, तू नको यात पडू."

"मना सांग. खोटं बोलली का?"

हौसा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्या दिसांत नळाचा पैला हंडा मी वतून द्याची," ती म्हणाली. "पान्याला वास याचा. कंपनीचा वास मना ठाव हाय, चालीस वरसं घेतंय. तो वास तो नव्हता. मना वाटलं, दुसऱ्या हंड्याला चांगलं पानी येतंय. त्येच मनूला दिलं."

"आये..."

"तुज्या बापाला मी सांगितलेलं, टाकी भरून व्हावते, उपसून घे. तो म्हनला, दिवाळीनंतर बगू. त्याला आता काय बोलू? तो जेवत नाय धड." ती उठली, चुलीकडे गेली, तिथून म्हणाली, "पन त्या बाईच्या तोंडाला काला लावलाव तुमी. ता बरा नाय केलाव."

त्या आठवड्यात चाळीच्या गल्लीत पुन्हा कावीळ निघाली. आधी एक भाडेकरू, मग शाळेतली एक मुलगी. प्रितमच्या सख्ख्या भावाची बायको रंजिता पाच महिन्यांची गरोदर होती आणि त्यांचा नळ त्याच लाइनीवर होता. निकेशनं सकाळी तिला दारात हंडा भरताना पाहिलं. तो थांबला नाही. सरळ आपला जेसीबी उभा होता तिथे गेला आणि ड्रायव्हरला उतरवून स्वतः चढला.

चाळीमागे माणसं जमायला वेळ लागला नाही. प्रितम जेसीबीच्या पुढ्यात उभा राहिला.

"दादा, काय करतंस? कंपनीवाल्यांना आयता पुरावा देतंस?"

"बाजूला हो."

"समितीचं काय होईल? केसचं काय होईल?"

"प्रितम, तुजी वहिनी त्या नळाचं पानी पिते," निकेश म्हणाला. "मी वरीसभर ठाव असून गप बसलोय. बाजूला हो."

प्रितम हलला नाही. तेव्हा गर्दीतून रामूशेठ पुढे आले. वर्षात ते म्हातारे झाले होते. त्यांनी प्रितमच्या खांद्याला धरून त्याला ओढला आणि स्वतः टाकीच्या कडेला जाऊन उभे राहिले, मुलाकडे न बघता.

चार फुटांवर पाइप लागला. लोखंडी, कुजलेला. वीतभर लांबीची भेग पडली होती आणि टाकीतलं काळं पाणी खड्ड्यात झिरपून तिच्यात शिरत होतं. वास आला तशी बायकांनी नाकाला पदर लावले. हौसा गर्दीच्या मागे होती. ती पुढे आली, खड्ड्यात बघितलं, आणि तिथेच मातीवर बसली. मग तिचा जो आवाज निघाला तो मनस्वी गेली त्या दिवशीही निघाला नव्हता. निकेश खाली उतरला आणि आईजवळ बसला. रामूशेठ उभेच राहिले.

त्याच संध्याकाळी निकेशनं समितीच्या पानावर पाइपचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: टाकी आमची आहे. बाईंनी मला हे गेल्या वर्षीच सांगितलं होतं. त्या विकल्या गेल्या हे मी खोटं बोललो.

लोकांनी त्याला काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. जी विशेषणं बाईंना लावली होती तीच त्याला मिळाली. समितीनं त्याला काढलं, प्रितम अध्यक्ष झाला. पाइप बदलला, दोन नव्या टाक्या बांधल्या, गल्लीतली कावीळ पंधरा दिवसांत थांबली. रंजिताला काही झालं नाही. फाल्गुनात तिला मुलगी झाली. प्रितमनं निकेशला बारशाला बोलावलं नाही. रामूशेठ मुलाशी बोलत नव्हते, पण रोज सकाळी हातात काठी घेऊन टाक्यांचं झाकण उघडून बघून येत.

कंपनीचा माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. कारखान्याच्या विस्ताराची सुनावणी जवळ आली होती आणि निकेशनं तिथे दोन शब्द बोलावेत, अशी साहेबांची इच्छा होती. निकेश सुनावणीला गेला आणि बोललाही. म्हणाला, कावीळ आमच्या टाकीनं झाली. आणि नाल्यातलं विष तुमचं आहे, ते बाईंच्या पुस्तकात नव्वद पानं आहे, तेही वाचा. कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली. निकाल अजून लागलेला नाही.

बाईंकडे तो फार उशिरा गेला, उन्हाळ्यात. दार त्यांनीच उघडलं. त्या वाळल्या होत्या. शाईच्या प्रसंगानंतर कार्यक्रमांची बोलावणी बंद झाली होती, आणि प्रकाशकानं दुसरी आवृत्ती काढायला नकार दिल्यामुळे ती त्या स्वतःच काढणार होत्या. टेबलावर प्रुफं पडली होती.

निकेश वाकला. बाईंनी पाय मागे घेतले.

"असं नको. बस."

या वेळी तो बसला.

"बाई, तुम्ही तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंत? टाकी कोणाची, हे लिहिलं असतंत तर लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला असता."

"तुझ्या घरात एक मुलगी गेली होती," बाई म्हणाल्या. "तुझ्या आईनं ते पेपरात वाचायला नको होतं." मग प्रुफं सारखी करत, "पण मी तुझ्याशी अजून एकदा बोलायला हवं होतं. तू हाकललंस आणि मी रागावून गेले. पत्रं पाठवली, माझं काम झालं असं समजले. वर्षभर तो पाइप तसाच होता, हे मलाही माहीत होतं, निकेश."

त्यानं प्रुफं जवळ ओढली, आंबेखारचं प्रकरण काढलं. ‘गावातली एक गर्भवती स्त्री दगावली’ या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे नाव घाला. मनस्वीचं. आणि टाकी घरतांची, तेही."

"ते तू एकट्यानं ठरवायचं नाहीस. आईला विचार."

त्यानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. हौसानं सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बाई हायत का तिथं?"

"आहे, हौसाबाई."

"लिवा. माज्या पोरीचं नाव लिवा." लगेच म्हणाली, "आनी तिला ता पानी तिच्या आयशीनं दिलं, तेबी लिवा. म्हंजे दुसरी कोन देनार नाय."

बाईंनी पेन उचललं. मनस्वीचं नाव लिहिलं. आईची ओळ लिहिताना त्यांचा हात थांबला, आणि फोन निकेशच्या हातात चालूच राहिला.