गप्प बांगड्या

खाचरातलं शेवटचं पाणी सोडायचे दिवस होते. भात पिवळं पडायला लागलं की कार्ला गावाच्या खालच्या अंगाला बांधांना तोंडं पाडतात, आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, कसलीच घाई नसल्यासारखं उतरत जातं. चैताली उजाडल्यापासून तिथं बसलेली असायची. सव्वीस वर्षांची बाई, पाय चिखलात, हात हवेत. पाणी वळेल तसे तिचे हात वळायचे. बोटं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ही कुणाला तरी बोलावतेय. ती कुणालाच बोलावत नसायची, ती पाण्याबरोबर चाललेली असायची.

वरच्या खाचरातलं पाणी जाड आवाजात बोलायचं, खालचं बारीक. मधल्याचा आवाज कधी असायचा, कधी नसायचा. डोळे मिटून चैताली म्हणायची, "तिसऱ्यात अजून वीतभर हाय." तिचा बाप निवृत्ती काठी घेऊन जायचा आणि काठी वीतभरच भिजायची. हे त्यानं गावात कधी कुणाला सांगितलं नाही. हायवेवरून बसगाड्या कर्णे वाजवत जायच्या, ते आवाज मात्र तिच्या डोक्यात खिळ्यासारखे शिरायचे. मग ती मान खाली घालून पाण्याच्या आणखी जवळ सरकायची. पाण्याखाली सगळं हिरवं आणि लांबचं होतं, तिथं कर्णे पोचत नव्हते.

"बांगड्या!"

ही तिची आई, नंदाबाई. हाक अशीच यायची, घराच्या दारातून, नाव न घेता. हाक आली की चैतालीचे हात खाली यायचे आणि मांड्यांच्या मध्ये जाऊन बसायचे. त्या वेळी हातांत बांगडी असो नसो.

त्याचं असं झालं होतं. चैताली तेरा वर्षांची असताना नात्यातल्या एका लग्नात कुणीतरी नंदाबाईला विचारलं, पोरगी हात अशी काय झाडते गं? नंदाबाईनं दुसऱ्याच दिवशी लोणावळ्याच्या बाजारातून लाल काचेच्या दोन डझन बांगड्या आणल्या आणि लेकीच्या हातांत भरल्या. "आवाज आला न्हाई पायजे," एवढंच म्हणाली. पहिल्यांदा चहाचं आधण उकळेपर्यंत गप्प बसायचं, मग भात शिजेपर्यंत, मग बाहेरचं माणूस उठून जाईपर्यंत. काच फुटली की नवी यायची. चैताली अठराची झाली तोवर दीड तास बसून राहायला शिकली होती. दोन डझन बांगड्या आणि एक किणकिण नाही.

समोरच्याकडं बघायचीही शिकवणी झाली. डोळ्यांत बघितलं की चैतालीला उन्हात बघितल्यासारखं व्हायचं, म्हणून नंदाबाईनं युक्ती काढली: बाईमाणूस असेल तर टिकलीकडं बघ, बाप्या असेल तर भुवयांच्या मधोमध. आणि कुणी काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं, मला सगळं आवडतं. पाच स्थळं येऊन गेली. पोहे सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ले, कळवतो म्हणाले, आणि कळवायचं तेवढं पाचही जण विसरले. तरी नंदाबाईचं शिकवणं थांबलं नाही. तिचा राग यावा तर कसा यावा? भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याची कणसं विकत हायवेच्या कडेला जन्म गेला तिचा. जगात नीट दिसलं तरच लोक जवळ करतात, हे ती रोज गिऱ्हाईकांच्या तोंडावर वाचत होती.

मग श्रावणात निळी खोली आली.

गावच्या आशा सेविका अनसूयाताई यांनी दोघींना मळवलीहून लोकलनं तळेगावला नेलं, एका संस्थेच्या शिबिराला. ऑटिझम हा शब्द नंदाबाईनं तिथं पहिल्यांदा ऐकला आणि पिशवीत सुट्टे पैसे टाकावेत तसा मनात टाकून दिला. चैतालीनं शब्द ऐकला नाही. तिनं पडदा बघितला. जाड, निळा, जमिनीपासून टीचभर वर. त्याच्या आत एक खोली, मंद दिवा, खाली गादी. कोपऱ्यात एक मुलगी पुढं-मागं झुलत होती. चैताली गादीवर बसली. बसता बसता तिचे हात आपोआप वर आले. ती थांबली. आता हाक येईल. खोलीतली ताई सुई-दोऱ्यानं काहीतरी शिवत होती, तिनं वर बघितलं आणि पुन्हा शिवायला लागली. झुलणारी मुलगी झुलतच राहिली. निळा उजेड बोटांमधून पाण्यासारखा गळत होता आणि चैतालीला वाटलं, आपण चौथ्या खाचरात आलो. चौथं खाचर त्यांच्या शेतात नाहीच, तीनच आहेत. पण ते असणार हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

वीस मिनिटांनी नंदाबाईनं पडद्याबाहेरूनच हाक मारली आणि सगळं संपलं.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, चैताली म्हणायची, "निळी खोली. परत." जी बाई दिवसाला दहा शब्द वापरते, तिचे तीन रोज यावर खर्च व्हायचे. अडीच महिने झाले. शेवटी अनसूयाताईंनी निरोप आणला. संस्थेत एक अभ्यास सुरू झालाय. मावळातल्या ज्या बायकांचा ऑटिझम लहानपणी कुणाच्याच लक्षात आला नाही, त्यांचा. त्यासाठी ऋचा नावाची बाई घरी येऊन चैतालीला बघणार. अभ्यासात बसली तर आठवड्यातले दोन दिवस ती खोली, शिवाय जमेल तसं काम. जागा थोड्याच आहेत.

बघायला येणार, एवढंच नंदाबाईनं नीट ऐकलं.

आदल्या दिवशी घर सारवून निघालं. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर पुसली, शेजारून दोन खुर्च्या आणल्या. चैतालीला आबोली रंगाची साडी नेसवली आणि कोपरापर्यंत लाल बांगड्या भरल्या. "गावातल्या विंग्रजी शाळंत पोराला घेत्यात तवा आदी बसवून बघत्यात," नंदाबाई लेकीचे केस विंचरताना म्हणाली. "जे नीट बसत्यात त्येंनाच घेत्यात. तू नीट बस. मंग तुझी निळी खोली."

चैतालीनं मान हलवली. नीट बसणं तिला येत होतं.

ऋचा आली. तिशीची, खांद्याला पिशवी, हातात फाईल. तिनं खुर्ची सोडून खाली चटईवर बैठक मारली. चैतालीनं टिकली शोधली. टिकली नव्हती! क्षणभर तिची नजर पाखरासारखी भिरभिरली, मग डाव्या भुवईवरचा कांजिण्यांचा एक जुना वण सापडला. ती वणाकडं बघत राहिली. वण छोट्या तळ्यासारखा होता. त्यात पाणी असतं तर बारीक आवाजात बोललं असतं.

"चैताली, तुला मोठ्या आवाजांचा त्रास होतो का गं?"

"मला सगळं आवडतं."

"गर्दीत गेल्यावर कसं वाटतं?"

"मला सगळं आवडतं. बारावी झालीय. भाकरी येते."

दारात उभ्या नंदाबाईचे ओठ लेकीच्या शब्दांबरोबर हलत होते. ऋचानं आणखी बरंच विचारलं. ठोकळे मांडायला सांगितले, चित्रं दाखवली, मध्येच मुद्दाम काही न बोलता बसून राहिली. चैताली हसायच्या जागी हसली, वणाकडं बघत राहिली, हात मांडीवर. दीड तास. बाहेरून पाण्याचा आवाज येत होता, आणि मनगटांच्या आत काहीतरी त्या आवाजाकडं ओढ घेत होतं. तिनं अंगठे मुठीत आवळून धरले. निळी खोली जवळ येत होती.

ऋचानं फाईल मिटली. तिच्या आवाजात अवघडलेपण होतं. "मावशी, खरं सांगते, मला खात्री वाटत नाहीये. पण अनसूयाताईंनी सांगितलं होतं त्यातलं इथं काहीच दिसत नाही. या नोंदींवरून चैताली अभ्यासात बसत नाही."

"म्हंजे पास झाली न्हवं?" नंदाबाईचं तोंड उजळलं.

"पास नाही हो. ज्यांना अडचण आहे, त्यांच्यासाठी ती जागा आहे. हिला तर काही अडचण दिसतच नाही. ती जागा मी हिला देऊ शकत नाही."

नंदाबाई दाराला धरून उभीच राहिली. तेरा वर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं, आणि बाई म्हणतेय भांडं लख्ख आहे म्हणून नको. हसावं की रडावं? तिला दोन्ही जमलं नाही. तिनं चहाचा कप उचलला आणि होता तिथंच परत ठेवला.

चैतालीला शब्द उशिरा पोचतात. आधी आवाज येतो, मग अर्थ. ऋचानं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, आणि तेव्हा अर्थ आला. पडदा बाहेरून ओढून घ्यावा तशी निळी खोली अंधारली. आपण नीट बसलो. नीट बसलो म्हणून. छातीत तिन्ही खाचरं एकदम फुटली आणि पाण्याला जायला वाट राहिली नाही.

तिचे हात वर आले.

कोपरापर्यंतच्या बांगड्या एकाच वेळी वाजल्या. घरभर, तसबिरींपर्यंत, पत्र्यापर्यंत काच खणखणली. तिला स्वतःला तो आवाज नवा होता. इतकी वर्षं हातांत घालून तिनं त्या कधी अशा ऐकल्याच नव्हत्या. बोटं उघडली, मिटली, उघडली.

"बांगड्या!" नंदाबाईच्या तोंडून निघून गेलं.

हात तिथल्या तिथं पडले. मांड्यांच्या मध्ये. घर एकदम गप्प झालं आणि बाहेरचं पाणी तेवढं ऐकू येत राहिलं.

ऋचा उंबऱ्यात थांबली होती. तिनं चैतालीच्या हातांकडं बघितलं, मग नंदाबाईकडं. हळू आवाजात विचारलं, "मावशी, बांगड्या म्हणजे काय?"

नंदाबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती लेकीसमोर चटईवर बसली. काचेनं भरलेली ती आवळलेली मनगटं तिनं आपल्या हातांत घेतली आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसासमोर बोलायला लागली. आधणाचं सांगितलं, भाताचं सांगितलं, टिकलीचं सांगितलं. फटाके वाजले की लेक दिवसभर पेटीमागं बसते, हे सांगितलं. एकाच रंगाचं ताट लागतं, ओला पदर अंगाला लागला की ओरडते, आणि पाण्याचा आवाज ऐकून ते किती खोल ते सांगते. ऋचानं फाईल पुन्हा उघडली होती. पिशवी उंबऱ्यातच राहिली.

"हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं?" तिनं विचारलं.

"नामकरणाच्या दिवशी. सगळ्या बाया वाकून बघत हुत्या, आन ही वरच्या पत्र्यावरचं ऊन बघत हुती. एकटक."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुमाला सांगितलं न्हवं आत्ता," नंदाबाई म्हणाली. "पोरीचं वाईट न्हवतं करायचं मला, बाई."

"माहीत आहे मावशी. दीड तास ती इतकी नीट बसली, तेव्हाच मला विचारायला हवं होतं. एवढं गप्प बसायला काय पडलं असेल, ते मी विचारलंच नाही."

चैताली ऐकत होती की नाही, सांगता येत नाही. तिची नजर आईच्या हातांवर होती. तिची मनगटं धरलेले ते हात थरथरत होते, आणि त्या थरथरीनं बांगड्या बारीक, अगदी बारीक वाजत होत्या. आई त्यांना गप्प करत नव्हती. तिसऱ्या खाचराचा आवाज असाच होता.

भातकापणी आटोपल्यावर निरोप आला. मंगळवार आणि शुक्रवार.

पहिल्या मंगळवारी चैतालीनं बांगड्या मागून घेतल्या. नंदाबाई नको म्हणाली, मग काही न बोलता तिनं स्वतःच भरल्या. लोकलमध्ये दोघी खिडकीशी बसल्या. बाहेर कापलेली खाचरं होती, धुकं होतं, आणि मधूनमधून इंद्रायणी चकाकून परत झाडांत जात होती.

निळा पडदा जागेवर होता. दिवा होता, शिवणारी ताई होती, झुलणारी मुलगी तिच्या कोपऱ्यात झुलत होती. चैताली गादीवर बसली. पडद्याखालच्या टीचभर फटीतून बाहेरच्या बाकाखाली आईचे पाय दिसत होते, चिखलानं भेगाळलेले, अंगठा अंगठ्यावर.

हात वर आले. बांगड्या वाजल्या, खणखणीत. चैताली थांबली, हात हवेतच, आणि हाकेची वाट बघू लागली.

पाय हलले. अंगठे एकमेकांवर घट्ट दाबले गेले, मग सुटले.

हाक आली नाही. सवयीनं ती आणखी थोडा वेळ थांबली, मग आणखी थोडा, आणि मग निळं पाणी बोटांमधून उतरायला लागलं तशी, ती वाट बघायचं विसरून गेली.