माशीवरची तपासणी

"ताई, माझ्यावर कसली तपासणी चाललीय?" वैरागहून धाकट्या बहिणीचा, प्रियंकाचा, फोन. चिडलीच होती. "तुझ्या सासूनं सगळ्यांना सांगितलंय, प्रभुच्या मावशीवर डॉक्टर प्रयोग करतायत म्हणून."

सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, कमी ऐकू येतं. डॉक्टर 'माशी' म्हणाले, त्यांनी 'मावशी' ऐकलं.

फोन ठेवून मी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाले, "मावशी नाही आत्या, माशी. केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं."

"चिलटाला काय कळतंय आपल्या पोराचं?"

माझाही प्रश्न तोच होता. माझा प्रभु चार वर्षांचा होत आला, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. अधूनमधून फिट येते. तपासणीत त्याच्या एका जनुकात बदल सापडला, तो माझ्याकडून आलेला. अशा बदलाचा बायकांना सहसा त्रास नसतो, मुलग्यांना होऊ शकतो. पण हा बदल घातक की निरुपद्रवी, कुणालाच सांगता येईना. त्यात मला पुन्हा दिवस गेले. बदल घातक निघाला, तर पोटातलं हे बाळ... पुढचं मी मनातही म्हणत नव्हते.

त्या जनुकावर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेला डॉक्टरांनी आधीच कळवलं होतं. माश्यांमधलं तसलंच जनुक बंद केलं, की त्या काचेच्या नळीत तळाशीच बसून राहतात. माणसाचं चांगलं जनुक घातलं, की वर चढतात. आता प्रभुसारखं बदललेलं घालून बघायचं होतं.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी शेंगाचटणी कुटत होते.

"चढल्या," ते म्हणाले. "चांगल्या जनुकाच्या चढतात तशाच. बाकीचे पुरावेही जुळतायत. हा बदल निरुपद्रवी धरायला हरकत नाही."

"मग प्रभुला कशानं झालं?"

"ते अजून शोधायचंय. स्पीच थेरपी सोडू नका. पण बाळासाठी या बदलाची धास्ती घेऊ नका."

फोन ठेवला, तरी बत्ता माझ्या हातातच.

"काय म्हंतोय त्यो?" आत्यांनी कान पुढं केला.

"प्रभुचं माझ्यामुळं नाही झालं, आत्या."

"तुझ्यामुळं झालं म्हून कोन म्हनलं?"

खरंच, कुणीच म्हणालं नव्हतं. माझं मीच म्हणत होते.

"आणि आत्या, बाळ हलतंय. मागच्या आठवड्यापासून."

"आन् आता सांगतीस व्हय?" म्हणत त्यांनी पदराला हात पुसला आणि माझ्या पोटावर ठेवला.