रस्सीचे दोन झटके

"खोटं बोलू नका! कॅप्सूल घेतली का नाय, तेवढं सांगा!"

सांडूची बायको पारूबाई दवाखान्याच्या पायरीवरच त्याला आडवी आली. लोक बघायलेत, तिला काय त्याचं!

"नाय घेतली म्हणलो ना," सांडू म्हणला.

"मग नाक का नाय गळत? डॉक्टरीण काय म्हणली होती? चोवीस तास कॅप्सूल बंद. अंग कापाया लागलं की मगच जिभेखालची गोळी. तुम्ही तर नवरदेवावानी ठणठणीत!"

पंधरा दिवसांमागं सांडूनं हेच केलं होतं. पोटात कॅप्सूल, वरून जिभेखाली व्यसन सोडवायची नवी गोळी. दोन्हीचं आत असं जुंपलं, की गडी दिवसभर ओकला, लोळला, अन् वर बोंबलत सुटला, गोळीत जहर हाय म्हणून. लबाड हा, बदनाम गोळी.

दुखणं मारायची ही कॅप्सूल लागली खांद्यापायी. तीन वर्षांमागं दुष्काळात जो तो विहीर खोल करायचा. यारी म्हणजे दगडमाती वर ओढायचं मशीन. त्यावर सांडू, खाली धाकला भाऊ बन्सी. विहीर ढासळली. बन्सी गेला, सांडूचा खांदा मोडला. खांदा जुळला, पण कॅप्सुलीनं झोप लागते हे त्याला कळलं, अन् मग सुटलीच नाय. गाव सोडून शहरात, शहागंजात हमाली धरली. तर इथंबी खोलीला लागूनच बिल्डिंगचा खड्डा, पहाटेपासून पोकलेन चालू.

आत डॉक्टर मृण्मयीनं विचारलं, "सांडूभाऊ, शेवटची कधी घेतली?"

पारूबाईनं तोंड उघडलं. डॉक्टरणीनं हातानंच थांबवलं.

सांडू फरशीकडं बघत म्हणला, "आज. पाचला."

"त्याआधी काय झालं?"

चिडली नाय बाई. त्यानं सांडूला लईच अवघडल्यावानी झालं.

"पोकलेननं माती ओतली. विहीर ढासळली तवासारखाच आवाज. खालून रस्सीला दोन झटके आले, की टोपलं ओढायचं, असं असतंय यारीत. त्या दिवशी मला दोन झटके लागले. ओढलं. रिकामंच वर आलं. झटके बन्सीचे नव्हते, रस्सीवर ढेकळं पडली होती. टोपलं खाली असतं तर धरलं असतं त्यानं."

 हे पारूबाईलाबी ठाऊक नव्हतं.

"आधी व्यसन सोडा, मग हे बघू, असं आपण करणार नाही," डॉक्टरीण म्हणली. "गोळी अन् हे बोलणं, दोन्ही सोबतच. दर मंगळवारी यायचं. पण आज गोळी देता येत नाही. उद्या या. अन् रात्री त्या खड्ड्याशेजारी झोपू नका."

रात्र औरंगपुऱ्यात मेहुणीच्या घरी काढली. सकाळी सांडू चादर गुंडाळून दवाखान्याच्या बाकड्यावर. नाक वाहायलंय, दात वाजायलेत. खिशातून कॅप्सुलीची पट्टी काढून त्यानं पारूबाईच्या मांडीवर टाकली. काल पाचची सोडली तर एकबी फोडलेली नव्हती.

"रात्रभर खिशात होती? अन् मी तिकडं तुमचे पाय दाबत बसले!"

"पण खाल्ली का मी?"

"नाय खाल्ली म्हणून काय आरती ओवाळू? अन् बन्सी भाऊजीचं मला तीन वर्षं का नाय सांगितलं? मी काय परकी हाय?"

"सांडू!" आतून नाव पुकारलं.

तो भिंत धरून उठला. "गोळी इरघळेस्तोवर तोंड बंद ठेवायचंय मला. तवर भांडून घे एकटी."

"अवो, पण मी काय म्हणते..."

"मंगळवारी म्हण. जायला पायजे आता."