ताकदीचा डबा

भरे गावात आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. पूर्वी दोन केळी, फार तर एखादं शहाळं न्यायचे. आता पिरंगुटच्या दुकानांतून क्रीमची बिस्किटं, खोक्यातले ज्यूस आणि ताकदीच्या पावडरी येतात. आणि पाहुणा नुसता पुडा ठेवून जाईल तर शपथ! आपल्या देखत आजाऱ्याने चार घास खाल्ल्याशिवाय त्याच्या जिवाला बरं वाटत नाही. कुशाबांच्या पायात भाताचं धसकट घुसल्यापासून त्यांच्या पडवीत असल्या मायेचा नुसता पूर आला होता. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, दुसरं काय!

हा पूर अडवायला दारात बसली होती त्यांची सून रजनी. पिरंगुटच्या डॉक्टरांनी पट्टी सोडून तिला जखम जवळून दाखवली होती. अंगठा काळा पडत चालला होता. "सोमवारपर्यंत साखर खाली आली तर अंगठ्यावर निभावेल," ते म्हणाले होते. "नाही आली, तर अख्खं पाऊल काढावं लागेल."

कुशाबा जन्मभर चिखलात अनवाणी उभे राहिलेले. रस्त्याकडची जमीन विकली, घरावर भाड्याच्या खोल्या काढल्या, पण घरामागच्या एका भातखाचराला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. पाऊल गेलं तर हा माणूस खाटेवर झुरून मरेल, हे रजनीला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

म्हणून तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. नाचणीची भाकरी, पालेभाजी, वेळेवर इंजेक्शन. आलेला पुडा दारातूनच परत. मग गावात तिचं नाव व्हायचं ते झालंच, सासऱ्याच्या तोंडचा घास काढणारी सून! सासूबाई लीलाबाई तर आल्यागेल्याला मुद्दाम ऐकवायच्या, "इतकुशी भाकर देती. आंगात ताकद कुटनं यायची?"

रजनी सगळं ऐकून घ्यायची. पण रोज सकाळी सासऱ्याच्या बोटातून थेंब काढला की साखर मोजायचं मशीन तिलाच खोटं पाडायचं. साखर उतरायचं नाव घेत नव्हती. आपल्याच हातून काही चुकतंय या भीतीने तिने भाकरी आणखी लहान केली. कुशाबांनी तक्रार केली नाही. पण ताटाकडे बघून त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी दुपारी अण्णासाहेब आले. लीलाबाईंचा पाठचा भाऊ, पौडकडचं वजनदार माणूस. बूट पायरीवर काढून, पांढरे मोजे तसेच ठेवून ते कुशाबांच्या खाटेसमोर खुर्चीत बसले. काखेत मोठा डबा होता. त्यांना दारातून परत लावायची कुणाची छाती होती! डब्यावर पांढऱ्या कोटातला एक हसरा माणूस आणि त्याखाली ठळक अक्षरं: 'मधुमेहींसाठी खास. साखर घातलेली नाही.' हाच माणूस हमरस्त्यावरच्या भल्यामोठ्या फलकावरही असाच दात दाखवत उभा असतो.

"आक्का, पैला डबा संपत आला आसंल, म्हणून दुसरा आणला," अण्णासाहेब म्हणाले.

रजनी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"पैला कंचा, मामा?"

अण्णासाहेबांनी बहिणीकडे बघितलं. लीलाबाई भिंतीकडे बघायला लागल्या.

"आत्या, पैला डबा कुटं हाय?"

"हाय माज्या कपाटात!" लीलाबाई उसळल्या. "रोज पाटंचं दुधातनं देती. तुला चोरून द्यावं लागतं, मग काय करू? औषध हाय ते. डाक्टरचा फोटू हाय त्येच्यावर!"

रजनीच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ती इकडे भाकरी मोजून थापत होती आणि तिकडे पहाटे पेला भरत होता. "आत्या, वरनं साखर घातली न्हाई म्हणून काय झालं, आतल्या पिठानंच साखर चढतीया!"

"सूनबाई, जरा दमानं," अण्णासाहेब मध्ये पडले. "मी वरीसभर ह्येच पितोय. मलाबी डाक्टरनी शुगर हाय म्हणून गोळ्या लिवल्या व्हत्या. दिल्या सोडून! दोन टाइम दूध-पावडर, बास. बग, हाय का न्हाई घोड्यावानी?"

रजनी आत गेली ती मशीन घेऊनच बाहेर आली.

"बोट द्या, मामा."

"माजी परीक्षा घेतीस?"

"व्हय, घेती. हितं आबांचा पाय जायची येळ आलीया. तुमी सुईला भ्याला का काय?"

भाचेसुनेच्या तोंडी असली भाषा त्या पडवीत कधी कुणी ऐकली नव्हती. अण्णासाहेबांनी रागारागाने बोट पुढे केलं. रजनीने सुई टोचली. यांचा आकडा सरळ आला तर तिचं कुणी ऐकणार नव्हतं, आणि संध्याकाळपासून तो डबा राजरोस चुलीपाशी आला असता. सोमवारी डॉक्टरांनी काय करायचं ते केलं असतं.

मशीनवर आकडा उमटला. तीनशे शहाऐंशी. कुशाबांच्यापेक्षा जास्त.

"बिगडलंय ते," अण्णासाहेब हसले.

लीलाबाईंनी आपलं बोट पुढे केलं. रजनीने सुई बदलली. एकशे दोन. मशीन धडधाकट होतं.

"म्हंजी रोज पाटंचं... मीच?" लीलाबाई डब्याकडे बघत म्हणाल्या.

इतके दिवस गिळलेलं सगळं रजनीच्या ओठांवर आलं होतं. पण सासूचा चेहरा बघून तिच्याने बोलवलं नाही. तिला राग आला तो डब्यावरच्या त्या हसऱ्या माणसाचा. समोर असता तर त्याचा पांढरा कोट तिने टराटरा फाडला असता.

कुशाबा एवढा वेळ खाटेवर पडून होते. ते कोपरावर उठले. समोर मेहुणा पायावर पाय टाकून बसला होता, आणि त्याच्या मोज्याला तळव्याखाली पिवळट, ओला डाग पडला होता. कुशाबा एकटक तिकडेच बघत होते.

"पाव्हणं, मोजा काढा."

"कशापायी?"

"काढा म्हणतोय न्हवं."

अण्णासाहेबांनी कुरकुरत मोजा ओढला. तो तळव्याला चिकटला होता. रजनी खाली बसली, तांब्यातलं पाणी सोडत सोडत तिने तो हळूहळू सुटा केला. खाली रुपयाएवढी जखम होती, आत खोल गेलेली. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मामा, कवा झालं ह्ये?"

"काय की." अण्णासाहेबांचा आवाज एवढासा झाला होता. "दुखतच न्हाई काय."

कुशाबांनी आपल्या पट्टी बांधलेल्या पायावरची चादर बाजूला केली.

"माजाबी दुखत नव्हता," ते म्हणाले.